लुकियाच्या कानिकाऊतला पाऊस

आमच्या होनोपुआच्या खोऱ्यात त्या वर्षी एकशे चार माणसं होती. त्यांतली कामाची किती, असं कोणी विचारलं असतं तर मनात मी सत्तावीस म्हटलं असतं आणि तोंडाने शंभर. माझ्याकडे दोन वह्या असायच्या. एक देवळाची, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची. दुसरी सरकारच्या पाणीमोजणी खात्याची. खात्याच्या माणसाने माझ्या अंगणात पितळेचं पर्जन्यमापक बसवून दिलं होतं, आणि रोज सकाळी आठला त्यात किती इंच पाणी साठलं ते लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं होतं. आकड्याशेजारी शेऱ्याचा रुंद रकाना होता. तिथे ‘जोराचा’ किंवा ‘हलका’ लिहावं अशी खात्याची अपेक्षा. मी तिथे पावसाचं नाव लिहायचो. पहाटे कड्यावरून उतरतो आणि अंगाला लागला तरी कळत नाही तो नोए. ढग नसताना समुद्रावरून येऊन वाळत घातलेले कपडे भिजवून पळतो तो नाउलु. पाच वर्षांत एकेचाळीस नावं माझ्या वहीत गोळा झाली होती. त्यांतली काही आमच्या खोऱ्याची, काही माउई बेटाच्या बोटीवरच्या खलाशांकडून ऐकलेली. खात्याने कधी तक्रार केली नाही, यावरून तो रकाना कोणी वाचत नव्हतं हे उघड होतं.

वाचणारी एकच होती, लुकिया. ती कानिकाऊ रचायची. खोऱ्यात कोणी मेलं की त्याच्यासाठी रडायचं कसं, कुठल्या शब्दांत, हे तिच्याकडे असायचं. मेलेला माणूस आणि रडणारा माणूस जिथे जिथे बरोबर चालले, त्या त्या जागेचा पाऊस आणि वारा कानिकाऊत यावा लागतो, आणि शेवटी ज्या पावसात तो गेला त्याचं नाव. एखादं नाव अडलं की ती माझ्या ओट्यावर येऊन वही मागायची, ‘बघू तुझी पावसाची चोरी’ असं म्हणून. चोरीच होती ती. पण तिच्यासारख्या बाईला माझ्याकडे यावं लागतं, याचा मला अभिमान होता.

तिच्या आवाजाचं तर काय सांगावं. देवळाच्या टेकडीवर तिने कानिकाऊ धरला की खोऱ्याच्या वरच्या अंगाला अळू खुरपणारी माणसं हातातलं टाकून खाली यायची. बोलवायला कोणी जायचं नाही. मढं घरात आल्याशिवाय कानिकाऊ होत नाही. तो कानावर आला म्हणजे मढं आलं, आणि मढं आलं म्हणजे जिथे असाल तिथून निघायचं.

तिचा नवरा नाइहे आमचा पाटकरी. ओढ्याच्या वरच्या वळणावर दगड रचून पाणी अडवलेलं होतं. तिथून पाट निघून सगळ्यांच्या खाचरांतून फिरायचा, आणि कोणाच्या अळूला कधी पाणी सोडायचं ते नाइहे ठरवायचा. त्यामुळे लोक त्याच्याशी गोड बोलायचे आणि मागून शिव्या द्यायचे. बायकोच्या गाण्यांत चुका काढणं हा त्याचा दुसरा धंदा.

‘‘नाउलु दुपारी येतो. तू तो सकाळी आणलास,’’ तो एकदा म्हणाला होता. होसेआ पाळकांच्या आईचं दफन आटोपून आम्ही टेकडी उतरत होतो.

‘‘म्हातारीने काय तक्रार केली का?’’ लुकिया म्हणाली.

‘‘ती मेलीय म्हणून गप्प आहे. मी जिवंत आहे.’’

‘‘तेच तर माझं नशीब.’’

एकवीस वर्षांचा संसार होता. दोन मुलं लहानपणीच गेली होती. राहिली होती ही दोघं आणि त्यांची भांडणं. भांडणं ऐकायला मजा यायची, म्हणून शेजारी खिडक्या उघड्या ठेवायचे.

त्या हिवाळ्यात एका रविवारी रात्री वारा उलटा फिरला. आमच्याकडे वारा समुद्रावरून येतो आणि खोऱ्यात वर चढतो. तो डोंगरावरून खाली येऊ लागला. हा दक्षिणेचा कोना वारा, आणि तो सहसा बेटाच्या त्या बाजूला धिंगाणा घालतो. मध्ये तीन हजार फुटांचा कडा असल्यामुळे आमच्यापर्यंत त्याची नुसती कुरकुर पोचायची. या वेळी तो कडा ओलांडून आला.

सोमवारी उजाडताना नाइहे पहार खांद्यावर टाकून माझ्या अंगणावरून गेला.

‘‘किती भरलं?’’

‘‘चार इंच. आणि आठ वाजायला अजून दोन तास आहेत.’’

‘‘मग निघालेलं बरं. बांध फोडला नाही तर सगळा ओढा पाटात शिरेल. तुझं खाचर पहिलं जाईल, पाइकुली.’’

‘‘मग थांबतोस कशाला?’’

लुकिया मागून धावत आली आणि पानात बांधलेली पोई, उकडून कुटलेल्या अळूची, त्याच्या हातात कोंबली.

‘‘दुपारपर्यंत येतो,’’ तो म्हणाला.

‘‘कुठल्या दुपारी ते सांगून जा. तुझी दुपार कधीकधी दिवा लावल्यावर होते.’’

तो हसला आणि गेला. दहाच्या सुमारास पाटाचं पाणी एकदम खाली बसलं. म्हणजे त्याने बांध फोडला होता. खोऱ्यातली निम्मी खाचरं त्यामुळे वाचली, माझंही वाचलं. दुपार झाली, दिवा लावायची वेळ झाली, तो आला नाही.

त्यानंतरच्या दोन दिवसांचं वर्णन मला नीट करता येणार नाही. मंगळवारी मापक भरून वाहिलं, त्यामुळे त्या दिवसाचा आकडा मलाही ठाऊक नाही आणि खात्यालाही. सगळी माणसं टेकडीवरच्या देवळात आली. डुकरं आली. पाळक डुकरांना नको म्हणाले तेव्हा लोकांनी डुकरं त्यांच्याच बाकाखाली सारली. शाळेचं छप्पर आमच्या डोळ्यांदेखत उठलं आणि समुद्राकडे गेलं. केळीची एक बाग सकाळी होती आणि संध्याकाळी नव्हती. ओढ्याचा आवाज इतका होता की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. दगड पाण्यात गडगडत होते, आणि ते आवाज पायांतून वर येत होते.

लुकिया दाराशी बसून होती. कोणी पोई दिली तर खायची, नाही दिली तर मागायची नाही. पहिल्या दिवशी ती नाइहेला शिव्या देत होती. दुसऱ्या दिवशी शिव्या थांबल्या.

बुधवारी सकाळी पाऊस विरळ झाला. नाइहेचा धाकटा भाऊ कामाका तिघांना घेऊन, दोर घेऊन वर गेला. ओढा ओलांडायची जागा देवळापासून अर्ध्या तासावर होती. नाइहे पलीकडच्या काठाला, वळणाच्या आसपास कुठेतरी असणार असा सगळ्यांचा अंदाज होता. पाणी उतरेपर्यंत काठावर बसायचं आणि उतरलं की पलीकडे जायचं, असं ठरलं होतं. दुपारनंतर वारा पडला आणि थोड्या वेळाने पुन्हा समुद्रावरून वाहू लागला, जसा तो रोज वाहतो.

तेव्हा लुकियाने मला हाक मारली.

‘‘पाइकुली, हा पाऊस कुठला?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे याचं नाव काय. आपल्या खोऱ्यात त्या बाजूने पाऊस कधी आला नाही. माझ्याकडे याला शब्द नाही.’’

देवळात तीन दिवस कोंडलेल्या माणसांना बोलायला विषय हवाच होता. सगळे सरकून जवळ आले.

‘‘कोना हिली माइआ,’’ एक जण म्हणाला. ‘‘केळी झोडपणारा. माझ्या बापाच्या तोंडात होतं.’’

‘‘तुझ्या बापाच्या तोंडात फुकटची ताडी होती,’’ दुसरा म्हणाला. ‘‘केळी कोणी झोडपली? वाऱ्याने. ती पाऊस विचारतेय.’’

‘‘देवाचा कोप म्हण, लुकिया,’’ होसेआ पाळक म्हणाले.

‘‘देवाचा कोप कड्यावरून उतरतो की समुद्रावरून चढतो, पाळकसाहेब? मला जागा लागते.’’

कोपऱ्यात कालुआ तूतू, म्हणजे सगळ्यांची आजी, पांघरुणात गुरफटून बसली होती. नव्वदीची असेल, डोळ्यांनी अधू, कानांनी तिखट. ती म्हणाली, ‘‘इनो म्हण आणि गप्प बस. इनो म्हणजे वाईट, संपलं. वाइटाला नाव ठेवू नये, नाव ठेवलं की ते राहायला येतं. आणि तुला नाव कशाला हवंय गं? कोण मेलंय?’’

लुकियाने तूतूकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत राहिली.

ती नाव कशासाठी मागतेय हे मला कळलं होतं. आजवर मी हे कोणाला सांगितलं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही, असंच सांगत आलो. पण आलं होतं. तिची सगळी ओळ जुळली होती आणि शेवटचा शब्द अडला होता, हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. आणि तो शब्द माझ्याकडे होता. एकेचाळीसपैकी एकोणचाळिसावा, माउईच्या खलाशाने दिलेला. खोऱ्यात तो दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हता. सगळं देऊळ ऐकत होतं.

‘‘लानीपिली,’’ मी म्हणालो. ‘‘आभाळ खाली येऊन जमिनीला चिकटतं आणि दिवसचे दिवस सुटत नाही, तो पाऊस.’’

कोणी काही बोललं नाही. ज्याचं बरोबर असतं त्याला अशी शांतता मिळते, आणि मला ती गोड लागली.

लुकियाने तो शब्द दोनदा हळू म्हणून पाहिला.

‘‘तो आपला पाऊस नाही,’’ कालुआ तूतू म्हणाली. ‘‘शेजारच्याच्या कुत्र्याला नावाने बोलावलंस तर ते तुझ्या घरात येऊन बसेल. लुकिया, ऐकतेस का? मढं घरात नाही.’’

‘‘मी नुसती जुळवतेय, तूतू.’’

‘‘जुळलेलं पोटात राहत नाही. मला शिकवू नकोस. तुझ्या सासूला मी शिकवलंय.’’

लुकिया उठली आणि बाहेर गेली. टेकडीच्या कडेला जाऊन खोऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटतं, तिच्या मनात आधी नुसतं म्हणून बघायचं होतं. पण तीन दिवसांचं साठलेलं होतं. पहिली ओळ पुटपुटली, दुसरी जरा मोठ्याने, आणि तिसरीला तिचा आवाज सुटला.

माझा घरधनी, नोएच्या ओलाव्यातला, बांधावर माझ्यापुढे चालणारा. माझा घरधनी, नाउलुने गाठलेला, माझ्या डोक्यावर स्वतःचा सदरा धरणारा. अशा चौदा जागा होत्या. एकवीस वर्षांत खोऱ्याबाहेर फारसं न गेलेल्या दोन माणसांकडे चौदा पाऊस निघाले. आणि शेवटी लानीपिली, ज्याने आभाळ खाली आणून त्याच्यावर ठेवलं.

मी इतक्या दफनांना हजर राहिलो, पण असा कानिकाऊ ऐकला नाही. बायका रडू लागल्या. पाळकसुद्धा. मी रडलो नाही. मी माझा शब्द कुठे येतो याची वाट बघत होतो.

अर्ध्या तासाने कामाका आणि ते तिघं धावत टेकडी चढून आले. कमरेपर्यंत चिखल. कामाकाच्या खांद्याला दोराचं वेटोळं तसंच होतं.

‘‘कुठंय?’’

कामाका लुकियाकडे वळला.

‘‘वहिनी, दादा कुठंय? ओढ्याच्या मुखाशी सापडला का? कोणी काढला?’’

‘‘सापडला नाही,’’ पाळक म्हणाले.

कामाकाला समजायला वेळ लागला. त्याने देवळात डोकावून पाहिलं, जणू आम्ही मढं बाकांमागे लपवलं असेल.

‘‘मग रडलीस कोणासाठी?’’

‘‘तो गेलाय, कामाका.’’

‘‘तुला कोणी सांगितलं?’’

‘‘शब्द आले. सगळे आले. जिवंत माणसाचे येत नाहीत.’’

‘‘पाणी मांडीपर्यंत उतरलं होतं,’’ कामाका म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. ‘‘आणखी तासाभरात आम्ही पलीकडे होतो. तुझा आवाज ऐकला आणि म्हटलं, आला तो खाली. वाहून आला. दोर खांद्यावर टाकला आणि पळत आलो.’’

‘‘मग परत जा.’’

आता हे सांगितलं पाहिजे. उजेड अजून दोन तास होता. पाणी उतरत होतं. चौघे जवान होते. लुकिया ‘जा’ म्हणाली होती. पण कालुआ तूतू म्हणाली, ‘‘गाइलेलं गिळता येत नाही. ज्याचा कानिकाऊ झाला त्याला नावाने हाका मारत रानात फिरू नये. उत्तर आलं तर ते त्याचं नसतं.’’ लहानपणापासून आम्ही हेच ऐकत आलो होतो. कामाकाने तिघांकडे पाहिलं. तिघांनी जमिनीकडे पाहिलं. चौघांतला प्रत्येक जण दुसरा निघाला असता तर निघाला असता. पाळक म्हणाले की हे सगळं जुन्या काळचं खूळ आहे, आणि तेही जागचे हलले नाहीत. मीही हललो नाही.

कामाकाने खांद्यावरचा दोर काढून देवळाच्या खुंटीला टांगला.

गुरुवारी स्वच्छ ऊन पडलं. इतकं स्वच्छ की लाज वाटावी. माणसं नाइहेला शोधायला निघाली, आणि सगळीच्या सगळी समुद्राकडे गेली. बुडालेला माणूस ओढ्याच्या मुखाशी येतो, नाहीतर दोन दिवसांनी पश्चिमेच्या खडकांत. गुरुवारी किनारा पालथा घातला. शुक्रवारी होड्या घालून खडकांमागे पाहिलं. शनिवारी पुन्हा किनारा. अकरा मेलेली डुकरं मिळाली, शाळेचा दरवाजा मिळाला, कुठल्या परक्या खोऱ्यातला एक पाळणा मिळाला. लुकिया तिन्ही दिवस गुडघाभर पाण्यात उभी होती. डोळे पाण्यावर, पाठ डोंगराकडे. रविवारी उपासना झाली आणि नाइहेच्या आत्म्यासाठी प्रार्थना झाली. ‘आमेन’ मी मोठ्याने म्हटलं.

सोमवारी मी आणि कामाका वर गेलो. नाइहेसाठी नाही. खाचरं सुकायला लागली होती. बांध फुटलेला, पाट कोरडा, पाटकरी नाही. कोणीतरी पाणी धरायला हवं होतं.

ओढा आता घोट्यापर्यंत होता. आम्ही गप्पा मारत ओलांडला. वळणाच्या वर कड्याला आतल्या बाजूने खोबण आहे, माणूस उभा राहील एवढी उंच, कानाच्या पाळीसारखी. खालच्या वाटेवरून ती दिसत नाही. कामाका बांधासाठी पक्कं लाकूड शोधत वर चढला आणि तिथेच थांबला.

नाइहे भिंतीला पाठ टेकून बसला होता. उजवा पाय गुडघ्याखाली मोडलेला. दोन्ही बाजूंना काठ्या लावून त्याने तो झाडाच्या सालीने बांधला होता, चांगला घट्ट, पाटकऱ्याच्या हातचा बांध. शेजारी ओढ्यातल्या गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचा ढीग होता. पानात बांधून दिलेल्या पोईचं पान धुऊन, घडी करून ठेवलेलं होतं.

मी आयुष्यात बरीच मढी पाहिली आहेत. सात दिवसांचं मढं आमच्या हवेत कसं होतं ते मला माहीत आहे. हे सात दिवसांचं नव्हतं. दोन दिवसांचंही असेल की नाही. पायाच्या जखमेत पू झाला होता, वाळून पुन्हा झाला होता. मेलेल्या माणसाला पू होत नाही.

कामाका त्याच्याजवळ खाली बसला. मग त्याने वर न बघता विचारलं, ‘‘शनिवार?’’

‘‘शनिवार. फार तर रविवारची पहाट.’’

‘‘तू काही बोलू नकोस, पाइकुली.’’

‘‘मी काय बोललो?’’

‘‘नेहमी बोलतोस तेच. दुसऱ्या कोणाला ठाऊक नसलेलं.’’

आम्ही शंख ओढ्यात ढकलले. पायाची साल सोडली, काठ्या फेकल्या. खाली जाऊन चटया आणल्या आणि त्यांत त्याला डोक्यापासून पायापर्यंत शिवून टाकलं. लुकिया घराबाहेर वाट बघत होती. कामाका तिला म्हणाला, ‘‘उघडू नकोस वहिनी. आठवडा झालाय. तू त्याला आठवतेस तसाच आठव.’’

ती चटईजवळ गुडघे टेकून बसली.

‘‘वास कसा नाही?’’

‘‘गार पाण्यात होता,’’ कामाका म्हणाला. ‘‘खडकाखाली.’’

तिने मान डोलावली. दफनाच्या वेळी सगळे तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, ‘‘माझं गाऊन झालंय,’’ आणि मूठभर माती टाकून घरी गेली.

देवळाच्या वहीत दफनाची नोंद करायला मी बसलो. नाव लिहिलं. वय लिहिलं, सेहेचाळीस. मृत्यूची तारीख या रकान्यापाशी लेखणी थांबली. पाळक म्हणाले बुधवार घाल, कानिकाऊ बुधवारचा. मी हो म्हटलं आणि रकाना कोरा ठेवला. मी खोटारडा नाही असं नाही. पण आजवर मी वहीत खोटा आकडा घातला नव्हता, आणि माझ्याकडे अभिमान बाळगण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

महिनाभराने लुकिया माझ्या ओट्यावर आली.

‘‘वही दाखव.’’

मी पावसाची वही पुढे केली.

‘‘ती नाही. दुसरी.’’

तिने पान उलटलं, बोट लावून नाव वाचलं, वय वाचलं, आणि बोट कोऱ्या जागेवर आलं. तिथे ते राहिलं. बाकीच्या पानावर असा कोरा रकाना एकही नव्हता. माझी शिस्त तिला ठाऊक होती.

‘‘तुला माहीत नसतं तर तू बुधवार लिहिला असतास,’’ ती म्हणाली.

मी गप्प राहिलो. माझ्या आयुष्यात मी जितक्या वेळा गप्प राहिलो त्यातल्या निम्म्या वेळा बोललो असतो तर बरं झालं असतं, आणि जितका बोललो त्यातलं निम्मं गिळलं असतं तर त्याहून बरं.

‘‘कुठे होता तो?’’

मी जागा सांगितली.

‘‘वळणावरची खोबण. मला माहीत आहे. आम्ही दोघं एकदा तिथे पावसात अडकलो होतो.’’ वही मिटून ती म्हणाली, ‘‘पाइकुली, माझं एक काम कर. उद्या दुपारनंतर तू तिथे जाऊन बस. मी टेकडीवर उभी राहीन.’’

‘‘कशाला, लुकिया? पाणी आवाज करतं तिथे. काही ऐकू येणार नाही.’’

‘‘येणार नाही तर येणार नाही. मी तुला सोबत म्हणून थोडीच पाठवतेय. ऐकू येतं का ते बघायला पाठवतेय.’’

मी गेलो. तो जिथे बसला होता तिथे बसलो नाही, शेजारी बसलो. समुद्रावरून वारा वर येत होता. ओढा खाली दूर पडला होता, आणि खोबणीत शिरलं की त्याचा आवाज जवळजवळ नाहीसाच होत होता. मला वाटलं होतं, काहीतरी अस्पष्ट ऐकू येईल, कुणीतरी रडतंय एवढं कळेल, आणि मग खाली जाऊन मला खरंखोटं मिसळून काहीतरी सांगता येईल.

पहिल्या ओळीपासून शब्द न् शब्द आला. ती माझ्या कानाशी बसून बोलत असावी इतका स्वच्छ. नोए आला, नाउलु आला, सदरा आला. मी जागचा हललो नाही. कान झाकावे असं वाटलं, पण त्याला झाकता आले होते की नाही कोण जाणे. चौदाही पाऊस एकेक करून माझ्यावरून गेले, आणि सगळ्यात शेवटी माझा शब्द आला.

ती थांबली तेव्हा मी उभा राहिलो आणि तोंडाभोवती हात धरून ओरडलो. ‘लुकिया’ म्हणून ओरडलो. पुन्हा ओरडलो. घसा फुटेपर्यंत ओरडलो. वारा समोरून येत होता आणि माझा आवाज माझ्याच तोंडात परत कोंबत होता.

खाली यायला मला बराच वेळ लागला. ती देवळाच्या पायरीवर बसली होती. वाटेत मी तीन उत्तरं तयार केली होती.

‘‘ओरडलास का?’’ तिने विचारलं.

तिन्ही उत्तरं या प्रश्नाची नव्हती.

‘‘ओरडलो.’’

‘‘किती वेळा?’’

‘‘दहा-बारा वेळा.’’

‘‘पूर्ण जोर लावून?’’

‘‘पूर्ण जोर लावून.’’

‘‘मी कान देऊन बसले होते,’’ ती म्हणाली. ‘‘मला एकदाही ऐकू आलं नाही.’’

ऊन उतरत होतं. खाली कोणीतरी पोई कुटत होतं, त्याचा ठोका स्वच्छ येत होता. ती उठली, झगा झटकला आणि मला वाटलं घरी जाईल. ती ओढ्याच्या वाटेने वर गेली.

त्यानंतर तिने कानिकाऊ रचला नाही. त्याच वर्षी कालुआ तूतू गेली, आणि आम्ही तिला नुसतंच पुरलं. पाळकांनी पुस्तकातलं काहीतरी वाचलं. लुकिया मात्र रोज दुपारनंतर वर जायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. कामाकाने एकदा विचारलं, वहिनी तिथे करतेस काय, तर म्हणाली, बोलते. पाट दुरुस्त झाला तरी पाणी वाटायला नाइहेसारखा कोणी उरला नव्हता. एकेक घर कड्यापलीकडे जाऊ लागलं, आणि चार वर्षांत मीही निघालो. तोवर टेकडीवर उभं राहून मी पुष्कळदा कान दिला होता. ती वर बसून काय बोलते, त्यातलं अक्षरही खाली येत नाही.